मी बांधलेली पोटं

"ऊठ. आधी ऊठ तिथनं."

वहिनी असं म्हणली तवा मला कळलंच न्हाई कुणाला म्हणतेय. माझ्या मांडीवर बाळ होतं. बारसं चाललं होतं. चेन्नईत वेस्ट मांबलमला ज्या वहिनीकडं मी बाळंतिणीच्या कामाला जायची, तिच्या फ्लॅटात हॉल भरून बायका. सगळ्या आपल्या मराठी. कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा रेल्वेत. पाळण्याला मल्लीच्या, म्हणजे मोगऱ्याच्या माळा. मला सोफ्यावर वहिनीनंच बसवलं होतं, "तू धर बाळाला, तुझा हात सवयीचा" म्हणून. कुणीतरी धूप जास्ती घातला. मला शिंक आली. मग दुसरी. दुसऱ्या शिंकेला सुटलं.

ते थांबवता येत न्हाई. शिंकायच्या आधीच कळतं आता सुटणार, पण हातात काही नसतं. आत घडी घातली होती जुन्या लुगड्याची. ती भिजली. सोफा भिजला.

"पाळण्याजवळ मुतली बघा म्हातारी," वहिनी म्हणली. "अगं लाज कशी नाही तुला? घरी जाऊन यायचं ना."

एक बाई म्हणली, "अहो, पुढच्या वेळी लंगोट दोन शिवा. एक बाळाला, एक हिला."

हॉल हसला.

बाळ काढून घेतलं माझ्याकडनं. बादली नि फडकं माझ्यापुढं ठेवलं. मी खाली बसून सोफा पुसला. वाकले तसं खालचं आणखी उतरलं. मांडीला लागलं. ते कुणाला दिसत नव्हतं. फक्त वास आला त्यांना.

एकच जण हसली न्हाई. मधुरा. वहिनीची सून, बाळंतीण. ती पाळण्याजवळ नवी साडी नेसून उभी होती, नि भिजलेल्या जागेकडं बघत होती. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, किळस आली असंल.

किळस नव्हती ती. पण ते मला मागनं कळलं.

मला कामावरनं काढतील असं वाटलं होतं. काढलं न्हाई. दुसऱ्या दिवशी गेले तर बाळाच्या खोलीत कोपऱ्यात तमिळ पेपर पसरलेला. वहिनी म्हणली, "तुझी जागा." आधी मी पाटावर बसायची. आता पेपर. दुपारी उठले की तो पेपर ती चिमटीनं उचलायची नि नाकाला पदर लावायची. मग दुसरा टाकायची.

काढलं न्हाई त्याला कारण होतं. माझ्यासारखं पोट बांधणारी चेन्नईत दुसरी न्हाई.

मी मूळची खानापूर तालुक्याची. आमच्याकडचे पुरुष गलाईच्या कामाला लांब लांब जातात, सोनं गाळायला. माझा नवरा इथं आला, मी मागनं आले. चाळीसच्या वर वर्सं झाली. तो ॲसिडच्या धुरात खोकून खोकून गेला. मी बाळंतिणींची कामं धरली. इथं मराठी घरांत बाळंतपण झालं की आईला गावाकडनं यायला जमत न्हाई, सासूला येत न्हाई. मग मला बोलवायचं. अंगाला तेल, आंघोळ, शेक, धुरी, बाळाला न्हाऊ घालणं. नि पोट बांधणं.

ते माझ्या आईनं शिकवलं. जुनं सुती नऊवारी, चौघडी करायची. बाईला उताणी झोपवायची. म्हणायचं, श्वास सोड गं. तिनं सोडला की गुडघा खाटेच्या कडेला लावायचा नि ओढायचं. सगळं अंग लावून. बाई कण्हली पायजे. न कण्हली तर बांधलंच न्हाई. आई म्हणायची, बाळंतिणीचं पोट म्हणजे सैल पोतं, तोंड आवळलं न्हाई तर सुटत जातं. चाळीस दिवस बांधलं की पोट सपाट. बायका आरशात बघायच्या नि खूश व्हायच्या. एकीचं बघून दुसरी बोलवायची. माझ्या हाताचं नाव होतं. मला शाळा न्हाई, अक्षर न्हाई. हे एक येत होतं. ह्याचा मला माज होता, खरं सांगते.

आणि माझं खालचं बाहेर होतं.

ते कसं झालं ते पण सांगते. धाकटी लेक झाली तवा आम्ही तिसऱ्या माळ्यावर राहायचो. पाण्याची लॉरी गल्लीच्या तोंडाला यायची. लॉरी आली की सगळ्या बाया कुडम घेऊन पळायच्या. प्लास्टिकची घागर, तिला इथं कुडम म्हणतात. बाळंतीण म्हणून लॉरी थांबत न्हाई. अकराव्या दिवशी मी कमरेवर एक, हातात एक, असं वर चढले. पोट आवळून बांधलेलं होतं, माझ्या आईनं येऊन बांधलं होतं. दुसऱ्या माळ्यावर खाली काहीतरी सरकलं. दुखलं न्हाई. सरकलं फक्त. जसा पिशवीतला नारळ तळाला जाऊन बसतो तसं.

आधी जड वाटायचं. मग खोकलं की थेंब. मग उकिडवं बसलं की हाताला लागायचं. मग बाहेरच. अंग बाहेर येणं म्हणतात त्याला आमच्यात. सासूला सांगितलं. ती म्हणली, "बायकांचं असतंच. बोलू नको कुणाला, नवरा दुसरी आणंल."

बोलले न्हाई. सकाळी आत ढकलायचं, कापडाचा बोळा लावायचा, वरनं घडी. घराजवळ गिंडी स्टेशनात गाडीत चढायच्या आधी एकदा, मांबलमचा जिना चढायच्या आधी एकदा, भिंतीला पाठ लावून मांड्या आवळायच्या. लोकांना वाटतं म्हातारी दम खातेय. पूर्ण बाहेर येऊन वीस-बावीस वर्सं झाली असतील.

बारशानंतर चौथ्या दिवशी मधुराला न्हाऊ घालत होते. दार लावलेलं. तिनं पाण्याचा नळ मोठा सोडला, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये.

"मावशी."

"काय गं पोरी?"

"मला पण होतं. तुम्हाला झालं ना त्या दिवशी, तसं. बारशाच्या दिवशी मलापण झालं होतं, उभ्या उभ्या. साडी जाड होती म्हणून कुणाला कळलं नाही."

मग ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाटलं मला ठाऊक असंल काय करायचं.

मी काय म्हणले सांगू? मी म्हणले, "बायकांचं असतंच. बोलू नको कुणाला."

सासूचे शब्द. माझ्या तोंडातनं जसेच्या तसे. आणि मला तिची दया आली म्हणून मी त्या दिवशी तिचं पोट आणखी घट्ट बांधलं. वाटलं, वरनं आवळलं की खालचं धरंल. गुडघा लावून ओढलं. ती कण्हली. मी म्हणले, "सोस जरा, बरं वाटंल."

आठ दिवसांनी म्हणली, "मावशी, खाली जड वाटतं. काहीतरी अडकल्यासारखं."

तो शब्द मला ठाऊक होता. जड. तिथनंच सुरू होतं.

तिनं वहिनीला न विचारता आपल्या डॉक्टरणीला फोन केला. डॉक्टरणीनं व्यायाम शिकवणारी एक पाठवली. तमिळ पोरगी, माझ्या नातीएवढी वाटावी, कॉटनची चुडीदार, पाठीवर पिशवी. वहिनी दारातच म्हणली, "कसला व्यायाम?" मधुरानं हळू सांगितलं. वहिनीचं हसू थांबंना.

"मुतायला शिकवायला बाई! आम्ही काय क्लास लावून मुतलो का गं?"

पोरगीला मराठी कळलं न्हाई. मला कळलं. मी बाळ घेऊन माझ्या पेपरवर बसले होते.

ती मधुराशी इंग्रजीत बोलायची, नि मधेच माझ्याकडं बघून तमिळमध्ये. मला पाट्टी म्हणायची, म्हणजे आजी. पहिल्याच दिवशी तिनं मधुराचं पोट बघितलं. बांधल्याचे वळ होते, तांबडे.

"हे कुणी बांधलं?"

"मी," मी म्हणले. छाती पुढं करूनच म्हणले.

ती रागं भरली न्हाई. पिशवीतनं टूथपेस्टची नळी काढली, नवी न्हाई, अर्धी वापरलेली. म्हणली, "पाट्टी, ही मधोमध आवळली तर काय होतं?"

"पेस्ट वर येती. खाली पण जाती."

"वरनं वाट बंद असली तर?"

तिनं झाकण घट्ट लावलं. तिनंच आवळून दावली. नळीचं बूड फुगलं.

"बाळंतिणीचं बूड आधीच सैल झालेलं असतं," ती म्हणली. "नऊ महिने वजन, मग कळा. हलका आधार दिला तर चालतो. आवळलं की सगळा भार खाली. त्यात वजन उचललं, त्यात दम कोंडून पोटाचे व्यायाम केले, तर बघायलाच नको."

ती मधुराला शिकवत राहिली. उताणी झोप, गुडघे वर घे. श्वास सोड नि सोडताना खालचं वर ओढून घे, जशी लघवी मधीच अडवतो तसं. पण लघवी करताना करून बघायचं न्हाई. पाच मोज. मग सोड. सोडणं पण शिकायचं, नुसतं आवळून धरायचं न्हाई. खोकला येतोय वाटलं की आधी वर ओढ, मग खोक. उठताना सरळ उठू नको, कुशीवर वळून ऊठ.

मला ते ऐकू येत होतं नि येत नव्हतं. माझ्या डोळ्यापुढं बाया येत होत्या. एक एक. रेल्वे क्वार्टरमधली, जुळी झालेली. अशोकनगरची, सिझर झालेली, तिचं पण मी बांधलं. ती कण्हण्याच्या पलीकडं गेली तरी बांधलं. बँकवाल्यांच्या दोघी जावा. चाळीस तरी असतील, पन्नास असतील. मी गुडघा लावून ओढलं. ओढलं नि त्यांनी मला साडी दिली, पाया पडल्या.

मला माणसं मुतरी म्हणून हसली त्याचं इतकं न्हाई वाटलं. जेवढं हे ऐकून वाटलं.

मी पण करायला लागले. पेपरवर बसून, बाळ मांडीवर, तोंड गप. ती मधुराला पाच मोजायची नि मी पण आत पाच मोजायची. पहिले कितीतरी दिवस काहीच न्हाई. मेलेलं मांस. मग एकदा जरासं. मुंगी हलावी तेवढं.

तिनं ओळखलं. "पाट्टी, तुम्ही पण करताय."

मधुरा बाळाला पाजायला वळली होती. मी त्या परक्या पोरीला तमिळमध्ये सांगून टाकलं. आपल्या भाषेत जमलं नसतं. ती ऐकत राहिली. म्हणली, "तुमचं नुसत्या व्यायामानं आत जाणार न्हाई आता. हॉस्पिटलात दाखवायला लागंल. आतनं आधाराला रिंग बसवतात, न्हाईतर ऑपरेशन. व्यायाम करा तरीपण." मग म्हणली, "इतकी वर्सं कुणाला सांगितलं का न्हाई?"

कुणाला सांगितलं का न्हाई ते तिला तिच्या भाषेत पण कळलं नसतं.

मी मधुराचं पोट सैल बांधायला लागले. दाखवण्यापुरतं. वहिनीला चार दिवस कळलं न्हाई. पाचव्या दिवशी तिनं दोन बोटं पट्ट्यात घालून बघितली.

"हे काय बांधलंय? धोतर?"

सव्वा महिना होत आला होता. दुपारी हळदीकुंकू ठेवलं होतं, त्याच सगळ्या बाया. वहिनीला सून पैठणीत दाखवायची होती. शेजारणीची सून महिन्यात जशीच्या तशी झाली म्हणे. वहिनीनं आठवडाभर मधुराला सकाळी फोनवर बघून पोटाचे व्यायाम करायला लावले होते, उताणी पडून धड वर उचलायचे. शंभर. मधुरा नको म्हणत नव्हती. नवरा म्हणायचा, आईचं ऐक ना थोडं. शंभर झाले की ती न्हाणीघरात जाऊन बराच वेळ बाहेर यायची न्हाई. काल रात्रीपासनं तिला हाताला लागत होतं. तिनं मला सकाळीच सांगितलं होतं. रडली न्हाई. नुसतं म्हणली, "मावशी, लागतंय."

वहिनीनं स्वतः नऊवारी आणलं. मधुराला आडवं केलं. टोक माझ्या हातात दिलं.

"ओढ."

मी टोक धरून उभी.

"बहिरी झालीस का? ओढ. दोन तासात बायका येतील."

"न्हाई ओढणार."

"काय?"

"न्हाई ओढणार वहिनी. तिचं खाली उतरतंय. मी ओढलं म्हणून उतरतंय. तुम्ही शंभर करायला लावताय म्हणून उतरतंय."

"तू मला शिकवणार? तू? जिला स्वतःचं मूत धरता येत नाही ती?"

"व्हय. तीच शिकवणार."

तिनं माझ्या हातातनं टोक ओढलं. मी सोडलं न्हाई. दोघी म्हाताऱ्या एका लुगड्याची दोन टोकं धरून, मधी पोरगी.

मी म्हणले, "माझं अंग बाहेर आलेलं हाय. वीस-बावीस वर्सं. मी असंच बांधून घेतलं होतं, अशीच कामाला लागले होते. बघायचं असंल तर न्हाणीघरात चला. दावते. मग सुनेचं बांधा तुमच्या हातानं."

"शी! बाहेर हो. आत्ताच्या आत्ता बाहेर हो माझ्या घरातनं!"

ओरडता ओरडता तिला खोकल्याची उबळ आली. नि मी बघितलं. तिचे गुडघे एकाला एक चिकटले. हात निऱ्यांवर गेला. खोकला संपेपर्यंत ती तशीच वाकून उभी. मग मान वर केली तर मी बघतेय.

मी नजर काढली. तिची लाज, तिच्यापाशी.

मधुरा कुशीवर वळली. हातावर भार देऊन हळू उठून बसली, त्या पोरीनं शिकवलं तशी. खालचं लुगडं ओढून काढलं नि जमिनीवर टाकलं. सासूकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं पण न्हाई.

मी पिशवी घेतली, चपला घातल्या. दार माझ्यामागं लागलं. आतनं वहिनीचा आवाज येत होता. मधुराचा येत न्हाई म्हणून मी जिन्यात कान देऊन थांबले. आला न्हाई. पुढं तिचं काय झालं मला ठाऊक न्हाई. त्या घरातनं मला कुणी फोन करणार न्हाई.

गाडीत बायकांच्या डब्यात जागा होती तरी मी उभीच राहिले. गिंडीला उतरले. माझी लेक, तिच्याजवळ मी राहते. ती तिथल्या एका छोट्या कारखान्यात पार्ट कापायच्या मशिनवर हाय. दिवसभर उभं, नि पार्टनं भरलेली टोपली उचलून दुसऱ्या टेबलावर. तिची पोरगी झाली तवा बाळंतपण मीच केलं. लेक म्हणून जीव लावून केलं. सगळ्यांत जास्ती ओढून मी तिचं बांधलं होतं. एकविसाव्या दिवशी ती कामावर गेली. मीच म्हणले, पोट बांधलंय ना, जा.

संध्याकाळी ती आली. जेवणाचा डबा मोरीत ठेवला. मी तोंड धुऊ पण दिलं न्हाई.

"खोकलं की सुटतं का गं तुझं?"

तिनं नळ सोडला होता, तो बंद केला.

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मी इचारते."

"सुटतं कधीचंच. बाहेर येतंय त्याला दोन वर्सं झाली."

"मला का न्हाई सांगितलंस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चिडून न्हाई. दमलेल्या माणसासारखं.

"आई, तू कधी तुझं सांगितलंस मला?"

एका खोलीत राहतो आम्ही. मोरीच्या वर एक दोरी हाय. त्या दोरीवर फडक्यांच्या घड्या वाळत असायच्या. मला वाटायचं, सगळ्या माझ्याच. तिला वाटायचं, आईला काही कळत न्हाई. दोन वर्सं एका दोरीवर दोघींच्या घड्या.

मी रडले न्हाई. तिनं भात लावला. मी रसम गरम केलं. जेवताना मी तिला ते शिकवलं. श्वास सोड, वर ओढ, पाच मोज, सोड. ती म्हणली, आता काय उपयोग. मी म्हणले, मोज.

उद्या सकाळी हॉस्पिटलात जायचं, दोघींनी. तिचा खाडा पडंल. पडू दे. सुपरवायझरनं काय झालं म्हणून इचारलं तर पोटात दुखतंय म्हणायचं न्हाई. जे झालंय ते म्हणायचं. तिला न्हाई जमलं तर मी गेटावर जाऊन म्हणीन.

मग घरं. ज्यांची ज्यांची पोटं मी बांधली त्यांची घरं माझ्या ध्यानात हायत, कागद लागत न्हाई मला. एक एक जिना चढणार, भिंतीला पाठ लावत चढणार. दार उघडलं की नमस्कार-चमत्कार न्हाई. इचारणार, सुटतं का तुझं? मी चुकीचं बांधलं होतं. हॉस्पिटलात दाखव, असं कर. कुणी दार लावून घेईल. बऱ्याच जणी लावतील. मग मी बाहेर उभी राहून बोलीन, मोठ्यानं, मराठीत नि तमिळमध्ये, शेजारच्या तमिळ मामीला पण ऐकू जाईल असं.

लाज वाटंल त्यांना. वाटू दे. लाजेनं कुणाचं अंग आत गेलेलं मी बघितलं न्हाई.